कोरियात वर्षभर फळं खाताय? या चुका टाळा

सुवॉनमधला माझा पहिला नोव्हेंबर. सोसायटीच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या ट्रकवरून मी मुठीत न मावणारी, टोकदार, शेंदरी फळं आणली. कडक आहेत म्हणजे ताजीच असणार, असं धरून चाललो. एक फोड तोंडात टाकली आणि जीभ, हिरड्या, टाळू सगळं आवळून आलं. वर पाणी प्यायलो, तर तेही तुरट लागलं.

ते दॅबोंग होतं. कोरियन गाम हे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं फळ, आणि त्याचे दोन स्वभाव आहेत. चपटं दानगाम कडक असतानाच सफरचंदासारखं कापून खायचं. दॅबोंगला मात्र पार लिबलिबीत होईपर्यंत हात लावायचा नाही. मग त्याला होंगशी म्हणतात आणि ते चमच्यानं खातात. घाई असेल तर खोक्यात एक-दोन सफरचंदं टाका. त्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे ते लवकर पिकतं, अढीतल्या आंब्यांसारखंच. बोटाखाली पाणी भरलेल्या फुग्यासारखं लागलं की झालं. सगळी एकदम पिकली तर फ्रीझरमध्ये टाका; अर्धवट वितळलेलं होंगशी मला तरी कुल्फीपेक्षा आवडतं. पण तेच सफरचंद दानगामशेजारी ठेवू नका, त्याचा करकरीतपणा जातो.

स्ट्रॉबेरीची वाट उन्हाळ्यात पाहू नका. तिचं वेळापत्रक आपल्या महाबळेश्वरसारखंच: डिसेंबरपासून वसंतापर्यंत. नॉनसानमध्ये तयार झालेली, 2005 पासूनची ‘सॉलह्यांग’ ही जात सगळीकडे दिसते. डबा उलटा करून तळची फळं बघा. धुताना देठ काढू नका, पाणी आत शिरतं.

मे-जूनमध्ये सोंगजू भागातलं चामवे हे कोरियन खरबूज येतं, पिवळं, पांढऱ्या रेघांचं. आम्ही दोन वर्षं खरबूज कापावं तसं त्याच्या बिया आणि मधला गर खरवडून फेकत होतो. गोडी तिथेच असते! दारूसारखा वास आला तरच तो भाग टाका.

जूनमध्ये हिरवीगार मेशिल, म्हणजे आलुबुखारासारखी छोटी आंबट फळं, दिसली की कैरीची आठवण होते आणि हात तिखट-मिठाकडे जातो. थांबा. कच्च्या मेशिलमध्ये, विशेषतः कोयीत, अमिग्डालिन असतं आणि त्यातून पोटात सायनाइड तयार होऊ शकतं. इथे ती कच्ची खात नाहीत. वजनाला वजन साखर घालून बरणीत साधारण 100 दिवस मुरवतात आणि तो पाक पाण्यात घालून पितात.

पीच घेताना कडक हवं की मऊ ते आधी ठरवा. लोकांचे इथे सरळ दोन पक्ष आहेत: ताकबोकवाले (कडक) आणि मुलबोकवाले (मऊ). जांगमाच्या, म्हणजे पावसाळ्याच्या झडीनंतर लगेच घेतलेलं पीच पाणचट निघतं. दोन-चार दिवस ऊन पडू द्या. ते फ्रीजमध्ये साठवूही नका, गारठ्यानं गोडी दबते. खाण्याआधी तासभर ठेवलं तरी पुरे.

चुसॉक या सुगीच्या सणाआधी भेटीच्या खोक्यांतली सफरचंदं-नाशपाती घरी खायला घेणं ही निव्वळ पैशांची उधळपट्टी. सण चांद्र तिथीवर असतो: 2024 मध्ये 17 सप्टेंबरला आला, 2025 मध्ये 6 ऑक्टोबरला. सण लवकर आला की नाशपाती झाडावर पुरती भरायच्या आतच बाजारात येते. सणानंतर तीच स्वस्त मिळते, आणि जास्त गोडही.

हिवाळ्यात जेजू बेटावरच्या संत्र्यांचं खोकं आलं की ते तसंच बाल्कनीत सरकवायचा मोह होतो. आमच्या शेजारच्या आजी खोकं दारात येताच वर्तमानपत्रावर पालथं करतात, चेपलेली फळं बाजूला काढून त्याच दिवशी संपवतात आणि उरलेली एकमेकांना न चिकटवता मांडतात. एका बुरशीच्या फळानं चार दिवसांत शेजारची पाच घालवलेली मी पाहिली आहेत. हाल्लाबोंग, म्हणजे देठाशी उंचवटा असलेलं मोठं संत्रं, मात्र आंबट निघालं तर विक्रेत्याशी भांडायला जाऊ नका. आठवडाभर थंड जागी ठेवा, आंबटपणा उतरतो.