सी मध्ये सॉकेटचा स्वतःचा थर कसा बांधावा

समजा, नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका धर्मकाट्यावर तुमचा प्रोग्रॅम बसवायचा आहे. संत्र्याचा ट्रक काट्यावर चढला की वजन सिरियल केबलने केबिनमधल्या कॉम्प्युटरवर येतं, आणि तिथून ते सीताबर्डीच्या ऑफिसातल्या सर्व्हरला पोचवायचं. केबिनमधला कॉम्प्युटर विंडोजचा, कारण पावतीच्या प्रिंटरचा ड्रायव्हर त्यावरच मिळतो. सर्व्हर लिनक्सचा. आणि मालक आत्तापासूनच म्हणून राहिले आहेत, की पुढच्या काट्यावर कॉम्प्युटर नकोच, ईएसपी३२चा छोटा बोर्ड लावू. तिन्ही ठिकाणी वरचा कोड एकच राहावा म्हणून मधे एक थर घालायचा. वरचा कोड थराशी बोलेल, थर त्या त्या सिस्टिमच्या सॉकेटशी, म्हणजे नेटवर्कवरून बाइट पाठवण्या-घेण्याच्या सोयीशी.

दोन्ही टोकं कायम लिनक्सचीच राहणार असतील तर हा खटाटोप करू नका, सरळ सॉकेटची फंक्शनं वापरा. गरज नसताना घातलेला थर म्हणजे नसती कटकट.

आधी फरक ओळखा

सॉकेटची ही फंक्शनं १९८३ मध्ये ४.२ बीएसडी युनिक्ससोबत बर्कलीहून आली. विंडोजचं विनसॉक नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यावरच बेतलं गेलं, आणि ईएसपी३२वर चालणारं एलडब्ल्यूआयपी (छोट्या बोर्डांसाठीची नेटवर्कची लायब्ररी) सुद्धा तीच नावं देतं. कनेक्ट, सेंड, रिसीव्ह सगळीकडे हजर. म्हणून पहिला मोह होतो तो चार मॅक्रो लिहून मोकळं होण्याचा: क्लोजच्या जागी क्लोजसॉकेट टाकलं, की झालं. कंपाइल होतं, टेबलावर चालतंही. पण नावं जुळली तरी वागणूक जुळत नाही, आणि काट्यावरून फोन येतो तो वागणुकीमुळे. मॅक्रोंची ती फाइल म्हणजे थर नव्हे.

हेडर वापरणाऱ्याच्या बाजूने लिहा

हेडर फाइल लिहायला बसाल तेव्हा सॉकेटची फंक्शनं समोर ठेवू नका. काट्याच्या प्रोग्रॅमला काय लागतं ते विचारा. त्याला सर्व्हरशी जोडायचं आहे, एक पूर्ण नोंद पाठवायची आहे, एक पूर्ण उत्तर घ्यायचं आहे आणि शेवटी बंद करायचं आहे. सर्व्हरच्या बाजूला पोर्टवर ऐकत बसणं आणि आलेलं कनेक्शन स्वीकारणं एवढीच भर. म्हणजे नेट_कनेक्ट, नेट_सेंड, नेट_रिसीव्ह, नेट_क्लोज, नेट_लिसन, नेट_अ‍ॅक्सेप्ट. (इथे नावं देवनागरीत दिली आहेत, कोडमध्ये अर्थात रोमन.) सुरुवातीला यापेक्षा जास्त काही नको. सॉकेटचे सगळे ऑप्शन बाहेर काढून ठेवाल तर वरच्या कोडमध्ये पुन्हा विंडोज-लिनक्सच्या अटी शिरतील.

हेडरमध्ये विनसॉकचं नाव येता कामा नये. स्ट्रक्चर फक्त जाहीर करा, आतले मेंबर सी फाइलमध्येच ठेवा आणि बाहेर पॉइंटर द्या. याची दोन रोकडी कारणं आहेत. एक, विंडोजवर विनसॉक२चं हेडर विंडोजच्या मुख्य हेडरच्या आधी घ्यावं लागतं, नाहीतर एररची रांग लागते. ती भानगड एका फाइलपुरती राहते. दुसरं, लिनक्सवर सॉकेट म्हणजे साधा इंट आणि चूक झाली तर उणे एक. विंडोजवर त्याचा प्रकार साइन नसलेला आहे आणि ६४ बिटच्या सिस्टिमवर ६४ बिट रुंद. तो इंटमध्ये कोंबून ‘शून्यापेक्षा लहान आहे का’ असं तपासणारा कोड बहुतेक वेळा चालून जातो. नेमकं म्हणूनच तो सापडत नाही.

विंडोजवर सॉकेट वापरण्याआधी डब्ल्यूएसए-स्टार्टअप बोलवावं लागतं. त्यासाठी नेट_इनिट ठेवा. लिनक्सवर ते रिकामं राहील.

एरर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

थराचे स्वतःचे एरर ठरवा, आणि मोजकेच. वेळ संपली, समोरच्याने बंद केलं, समोरच्याने नाकारलं, पत्ता सापडला नाही, इतर काही. वरच्या कोडला वेगळं वागायचं असेल तेवढेच प्रकार हवेत. सिस्टिमचा मूळ आकडा स्ट्रक्चरमध्ये जपून ठेवा, तो लॉगमध्ये छापायला लागतो.

लिनक्सवर हा आकडा एर्नो या व्हेरिएबलमध्ये मिळतो, विंडोजवर डब्ल्यूएसए-गेट-लास्ट-एरर विचारावं लागतं; तिथे एर्नो पाहिलात तर भलतंच जुनं काहीतरी हाती लागेल. दोन्हीकडे नियम एकच: फंक्शन फसलं की पुढच्याच ओळीत आकडा उचला. मधे लॉगची एक ओळ छापलीत तरी ती छपाईच आकडा बदलू शकते.

आता कनेक्टचं जवळून पाहू. सॉकेट नॉन-ब्लॉकिंग करून कनेक्ट बोलवलं की ते लगेच परत येतं आणि म्हणतं, काम चालू आहे. लिनक्सवर ही खबर ई-इन-प्रोग्रेस या नावाने येते. विंडोजवर तीच १००३५, म्हणजे डब्ल्यूएसए-ई-वुड-ब्लॉक. लिनक्सवर वुड-ब्लॉक सेंड-रिसीव्हला येतं, म्हणून एक सरसकट तक्ता करून दोन्ही आकडे जुळवायला गेलात की घोळ. तक्ता कोणत्या फंक्शनचा एरर आहे हे पाहूनच लावा. मग निकालाची वाट पाहायची. त्यासाठी सिलेक्ट हे फंक्शन आहे: त्याला सॉकेटचे संच द्यायचे, त्यातले तयार कोणते ते ते सांगतं. लिनक्सवर कनेक्शन जुळलं काय नि फसलं काय, सिलेक्ट ते ‘लिहायला तयार’ मध्येच दाखवतं. खरं काय झालं ते गेट-सॉक-ऑप्टला एसओ-एरर विचारून कळतं. विंडोजवर फसलेलं कनेक्ट सिलेक्टच्या तिसऱ्या संचात, अपवादांच्या संचात येतं. तो संच रिकामा दिलात, तर ऑफिसातला सर्व्हर बंद असताना काट्यावरचा प्रोग्रॅम वेळ संपेपर्यंत नुसता बसून राहील, आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत राहील.

लिनक्सवर सिलेक्टऐवजी तेच काम करणारं पोल वापरा, कारण १०२४ किंवा त्यावरचा डिस्क्रिप्टर (म्हणजे सॉकेटचा तो इंट) सिलेक्टच्या संचात घातला तर मेमरीच बिघडते. विंडोजवर संचाची मर्यादा वेगळ्या तऱ्हेची आहे: कोणतेही सॉकेट घ्या, पण मुळात ६४च. काट्याला एकच लागतो, तेव्हा तिथे सिलेक्ट पुरतं. विंडोजचं डब्ल्यूएसए-पोल व्हिस्टापासून आहे, पण विंडोज १०ची २००४ क्रमांकाची आवृत्ती (२०२० सालची) येईपर्यंत ते फसलेल्या कनेक्टची खबरच देत नसे. काट्यावरच्या केबिनमध्ये नवा कॉम्प्युटर कोण ठेवतं? तेव्हा सिलेक्टच बरं.

अर्धवट पाठवणं, अर्धवट मिळणं

टीसीपीला नोंद वगैरे काही कळत नाही, त्याला फक्त बाइटचा ओघ कळतो. काट्याने १८४२० हा आकडा पाठवला, तर सर्व्हरच्या पहिल्या रिसीव्हला १८४ आणि दुसऱ्याला २० मिळू शकतं. पहिल्यावरच भरवसा ठेवलात तर साडेअठरा टनांच्या ट्रकचं वजन १८४ किलो लागेल. ऑफिसातल्या एकाच नेटवर्कवर असं सहसा होत नाही, म्हणून टेस्टिंगमध्ये दिसत नाही.

उपाय थरातच करायचा. प्रत्येक नोंदीच्या आधी ४ बाइटची लांबी पाठवा, नेटवर्कच्या बाइट-क्रमाने, म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी. नेट_रिसीव्हने आधी ते ४ बाइट पुरे होईपर्यंत वाचायचं, मग तेवढ्या लांबीचं पुरं होईपर्यंत. नेट_सेंडनेही लूपमध्येच पाठवायचं, कारण सेंड दिलेल्यापैकी निम्मेच बाइट घेऊन परत येऊ शकतं. रिसीव्हने शून्य दिलं तर समोरच्याने रीतसर बंद केलं असं समजा; तो एरर नाही, पण नोंदीच्या अध्यामध्यात शून्य आलं तर मात्र एररच.

आलेली लांबी तपासल्याशिवाय मेमरी मागू नका. पोर्ट इंटरनेटवर उघडा असेल तर कोणीतरी ब्राउझरसारखी विनंती ठोकणारच. तिची सुरुवात ‘गेट’ची तीन अक्षरं आणि एक स्पेस अशी असते. ते ४ बाइट लांबी म्हणून वाचले तर आकडा येतो १,१९,५७,२५,८५६. जवळपास १२० कोटी बाइट! वजनाच्या नोंदीला ४ किलोबाइट पुष्कळ झाले. त्यावर काही आलं की कनेक्शन तोडा.

लिनक्सवर आणखी एक खोच. समोरच्याने तोडलेल्या कनेक्शनवर लिहिलं तर सिगपाइप नावाचा सिग्नल येतो, आणि तो हाताळलेला नसेल तर अख्खा प्रोग्रॅम निमूटपणे मरतो. सेंडला एमएसजी-नो-सिग्नल हा फ्लॅग द्या. मॅकवर त्याऐवजी सॉकेटवर एसओ-नो-सिगपाइप लावतात. विंडोजवर हा प्रकारच नाही.

वेळ

सॉकेटला टाइमआउट लावायची सोय सगळीकडे आहे, पण विंडोज त्यात मिलिसेकंदांचा आकडा मागतं आणि लिनक्स सेकंद-मायक्रोसेकंदांचं स्ट्रक्चर. शिवाय तो टाइमआउट दर रिसीव्हला नव्याने सुरू होतो. समोरचा दर चार सेकंदांनी एक बाइट देत राहिला, तर पाच सेकंदांचा टाइमआउट कधीच लागणार नाही. म्हणून आतून सगळे सॉकेट नॉन-ब्लॉकिंग ठेवा आणि थांबणाऱ्या प्रत्येक फंक्शनला अंतिम मुदत द्या: अमुक क्षणापर्यंत पूर्ण काम झालं पाहिजे. लूपच्या प्रत्येक फेरीत उरलेला वेळ नव्याने काढा, आणि तो मोनोटॉनिक घड्याळावरून काढा. भिंतीवरचं घड्याळ कोणी मागे-पुढे केलं तर मुदत हलायला नको.

एक गोष्ट या मुदतीत बसत नाही, पत्ता शोधणं. गेट-अ‍ॅडर-इन्फो हवा तेवढा वेळ घेतं आणि त्याला मधेच थांबवता येत नाही. वेगळा थ्रेड लावा, नाहीतर हेडरमध्ये तसं स्पष्ट लिहून ठेवा. त्याने दिलेले सगळे पत्ते एकेक करून वापरून पाहा. पहिला आयपीव्ही६चा आणि काट्यावरचं नेट फक्त आयपीव्ही४चं, असं सर्रास असतं.

ऐकणारी बाजू

लिनक्सवर सर्व्हर बंद करून लगेच चालू केला तर ‘पत्ता वापरात आहे’ म्हणून बाइंड (पोर्ट ताब्यात घेणारं फंक्शन) अडतं, त्यासाठी एसओ-रीयूज-अ‍ॅडर लावतात. विंडोजवर तोच ऑप्शन लावला तर दुसरा प्रोग्रॅम तुमचाच पोर्ट बळकावू शकतो. तिथे एसओ-एक्सक्लुझिव्ह-अ‍ॅडर-यूज लावा. नाव एक आणि अर्थ दोन, याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं नाही.

फाइलींची मांडणी

एका फाइलमध्ये इफ-डेफचं, म्हणजे सिस्टिम पाहून कोड निवडणाऱ्या अटींचं, रान माजवू नका. नेट_विन, नेट_पॉझिक्स (पॉझिक्स म्हणजे युनिक्स-लिनक्सचं सामाईक प्रमाण) अशा वेगळ्या सी फाइली करा, आणि लांबी-वाचन, मुदत वगैरे सामाईक भाग तिसऱ्या फाइलमध्ये ठेवा. बिल्ड करताना हवी ती घ्या. विंडोजवर डब्ल्यूएस२_३२ लिंक करायला विसरू नका. ईएसपी३२ला पॉझिक्सचीच फाइल बरीचशी चालते, फक्त एकाच वेळी उघडता येणारे सॉकेट मोजके असतात, तेव्हा क्लोज चुकवून चालत नाही. फंक्शन-पॉइंटरांचा तक्ता टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) जोडायची वेळ आली की करा, किंवा टेस्टसाठी खोटं टोक हवं असेल तेव्हा. खोटं टोक मात्र खरंच करा, आणि त्याला एका वेळी एकच बाइट द्यायला लावा. लूपमधल्या निम्म्या चुका तिथेच बाहेर पडतात.

केबल ओढून पाहा

प्रोग्रॅम बंद करणं आणि केबल ओढणं या दोन वेगळ्या टेस्ट आहेत. प्रोग्रॅम बंद झाला तर समोरच्याला कर्नल कळवतं. केबल ओढली तर कोणीच कळवत नाही. मे महिन्यात भर दुपारी लाइट जाते, राउटर बंद पडतो, पण कॉम्प्युटर यूपीएसवर चालून राहिला असतो. त्या वेळी नेट_सेंड यशस्वी परत येतं, कारण सेंडचं यश म्हणजे बाइट कर्नलच्या बफरमध्ये गेले, इतकंच. टीसीपीचं कीप-अलाइव्ह चालू केलं तरी लिनक्सवर ते मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी पहिली चौकशी करतं. दोन तासांत अर्धा बाजार उठतो.

थराने इथे पोचल्याचं नाटक करू नये. वजन पोचलं की नाही हे सर्व्हरच्या प्रोग्रॅमलाच सांगावं लागेल: नोंद डिस्कवर लिहून झाली की नोंदीतलाच पावती क्रमांक परत पाठवायचा. तो येईपर्यंत काट्यावरच्या फाइलमधली नोंद पुसायची नाही, मुदत संपली तर नवं कनेक्शन करून तीच पुन्हा पाठवायची, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता फक्त उत्तर द्यायचं. हे सगळं वरच्या कोडचं काम, नेट_सेंडमध्ये घालू नका.