परवानग्यांची लायब्ररी निवडताना

समजा, नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या अडत्यांसाठी बिलिंगचं ॲप करताय. एकाने यूआरएलमधला बिल नंबर बदलला आणि शेजारच्या गाळ्याचं बिल उघडलं, तर लॉगिन कितीही पक्कं असो, उपयोग शून्य. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या 2021 च्या धोक्यांच्या यादीत हाच दोष, म्हणजे परवानगी नीट न तपासणं, पहिला आहे.

कोणाला काय बघता येईल हे तपासणारा तयार कोड, म्हणजे परवानग्यांची लायब्ररी, घेताना गिटहब या कोडच्या साइटवरचे स्टार (लोकांची पसंती) नंतर बघा. आधी शेवटचं रिलीज कधीचं, इश्यूंना (लोकांनी नोंदवलेल्या अडचणींना) उत्तरं मिळतात का, मेंटेनर (कोड सांभाळणारा) एकटाच तर नाही ना, हे तपासा. रेल्स या वेब फ्रेमवर्कसाठीची कॅनकॅन ही परवानग्यांची लायब्ररी लोकप्रिय असूनही रखडली, 2014 मध्ये इतरांनी ती कॅनकॅनकॅन म्हणून पुढे नेली (नाव ठेवायचा कंटाळा, दुसरं काय!). तुम्हालाही उद्या लायब्ररी बदलावी लागू शकते, म्हणून परवानग्यांचे नियम कंट्रोलरभर (प्रत्येक विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये) विखरू नका, एकाच फोल्डरात ठेवा. आणि लायब्ररीचं व्हर्जन वाढवलं की 'दुसऱ्याचं बिल मागितलं तर 403 (परवानगी नाही)' ही टेस्ट आधी चालवा.