विंडो समोर दिसतेय, पण हँडल शून्य: या चुका टाळा

सी-शार्पमधून दुसऱ्या प्रोग्रॅमची विंडो शोधायची म्हटली की नवखा माणूस युझर३२ (विंडोजची विंडो सांभाळणारी लायब्ररी) मधल्या फाइंडविंडो या फंक्शनचं डिक्लरेशन कुठूनतरी उचलतो, टायटल देतो आणि रन करतो. तासाभरात माझ्याकडे विचारणा येते: ‘विंडो डोळ्यांसमोर आहे, पण हँडल शून्य येतंय.’ हँडल म्हणजे विंडोज प्रत्येक विंडोला देतं तो ओळखक्रमांक; शून्य म्हणजे विंडो सापडलीच नाही.

मी आधी डीएलएलइम्पोर्टची ओळ बघतो, म्हणजे बाहेरच्या लायब्ररीतलं फंक्शन आणणारी ओळ. त्यात कॅरसेट (अक्षरं कशी पाठवायची ते) लिहिलेलं नसतंच. सी-शार्पमध्ये ते लिहिलं नाही तर अँसी, म्हणजे जुनी, मोजक्याच अक्षरांची पद्धत धरली जाते. म्हणजे कॉल फाइंडविंडो-ए या अँसीवाल्या आवृत्तीकडे जातो आणि टायटल जाताजाता सिस्टिमच्या कोडपेजमध्ये बदललं जातं. टायटल इंग्रजी असेल तर सगळं सुरळीत चालतं, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. देवनागरी टायटलची मात्र सहसा नुसती प्रश्नचिन्हं होतात आणि विंडोज बिचारं ‘?????’ नावाची विंडो इमानेइतबारे शोधत बसतं. कॅरसेट डॉट युनिकोड लिहा, झालं. डॉटनेट ७ पासून आलेलं लायब्ररीइम्पोर्ट वापरत असाल तर ते शेवटचा डब्ल्यू (युनिकोड आवृत्तीची खूण) स्वतःहून लावून बघत नाही, त्यामुळे एंट्रीपॉइंटमध्ये फाइंडविंडो-डब्ल्यू असं पूर्ण नाव द्या.

विंडोच्या क्लासचं (प्रकाराचं) नाव किंवा टायटल माहीत नसेल तर नल द्या, रिकामी स्ट्रिंग नको. नल म्हणजे ‘कुठलंही चालेल’. टायटलच्या जागी रिकामी स्ट्रिंग म्हणजे ‘जिला टायटलच नाही अशीच हवी’.

टायटलवर भिस्त ठेवण्याची ही सवयच मुळात वाईट. फाइंडविंडोला अख्खं टायटल लागतं, अर्ध्यावर भागत नाही. आणि टायटल बदलतं: फाइल बदलली की, भाषा बदलली की, सेव्ह न केल्याची चांदणी लागली की. क्लासचं नावही बेभरवशाचं. डब्ल्यूपीएफ प्रोग्रॅमच्या विंडोच्या क्लासमध्ये दर वेळी नवा जीयूआयडी (लांबलचक ओळखक्रमांक) असतो, आणि ‘क्रोम_विजेटविन_१’ हा क्लास क्रोमबरोबर इलेक्ट्रॉन या फ्रेमवर्कवर बांधलेले प्रोग्रॅमही मिरवतात. मी आधी प्रोसेस आयडी धरतो, एनमविंडोजने सगळ्या विंडो फिरतो, गेटविंडोथ्रेडप्रोसेसआयडीने मालक जुळवतो, मग दिसणारी कोणती ते पाहतो. टायटल अगदी शेवटी.

आता माझीच फजिती. एका ग्राहकासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. ठरावीक विंडो उघडली की त्याने नोंद करायची, एवढंच काम. त्यासाठी सेटविनइव्हेंटहुक (विंडोमध्ये काही घडलं की कळवायला लावणारं फंक्शन) वापरलं आणि कॉलबॅकच्या, म्हणजे विंडोजने तेव्हा बोलवायच्या मेथडच्या, जागी सरळ मेथडचं नाव टाकून मोकळा झालो. माझ्या मशीनवर दुपारभर चालला. त्यांच्याकडे कधी वीस मिनिटांत, कधी दोन तासांत बंद पडायचा. ट्राय-कॅचमध्ये काही सापडेना, लॉगची शेवटची ओळ दर वेळी वेगळी. आम्ही अँटीव्हायरसवर खापर फोडलं, मग रॅम बदलायला लावली. त्या रॅमची आजही लाज वाटते.

शेवटी एका बटणामागे जीसी डॉट कलेक्ट ठेवलं, म्हणजे बिनवापराची मेमरी झाडणाऱ्या गार्बेज कलेक्टरला लगेच कामाला लावणारा कॉल. बटण दाबलं, दुसरी कुठली तरी विंडो उघडली, आणि प्रोग्रॅम जागच्या जागी आडवा. मेथडचं नाव दिलं की कंपायलर गुपचूप एक डेलिगेट (त्या मेथडकडे बोट दाखवणारा ऑब्जेक्ट) बनवून पाठवतो. त्याला आपल्या बाजूने सहसा कुणीच धरून ठेवलेलं नसतं आणि विंडोजने तो पत्ता जपलाय हे गार्बेज कलेक्टरला कळत नाही. कलेक्टर तो डेलिगेट झाडून टाकतो, आणि पुढचा इव्हेंट आला की विंडोज रिकाम्या घराची कडी वाजवतं. माझा प्रोग्रॅम माझ्याकडे मेमरी फारशी वापरतच नव्हता, म्हणून कलेक्टर फिरकला नव्हता. तेव्हापासून असा कॉलबॅक मी आधी स्टॅटिक फील्डमध्ये ठेवतो, मगच हुक लावतो. एनमविंडोजला ही भीती नाही, कारण तो काम संपवूनच परततो. पण हवी ती विंडो सापडल्यावर कॉलबॅकमधून फॉल्स दिलं की एनमविंडोजही फॉल्सच देतो. ती एरर नव्हे, उगाच एक्सेप्शन फेकू नका.

अपयशाचं खरं कारण हवं असेल तर डीएलएलइम्पोर्टमध्ये सेटलास्टएरर ट्रू करा आणि मार्शल क्लासचं गेटलास्टविन३२एरर वाचा. गेटलास्टएररला थेट डीएलएलइम्पोर्टने बोलावू नका, मधल्या मधे रनटाइम तो आकडा बदलून बसतो.

आणि थ्रेड डॉट स्लीप! प्रोसेस सुरू केली, मेनविंडोहँडल (तिच्या मुख्य विंडोचं हँडल) शून्य आलं, म्हणून दोन सेकंद झोप. ग्राहकाचं मशीन मंद, म्हणून पाच. मग दहा. धीर नाही म्हणून घेतलेला हा शॉर्टकट सगळ्यांनाच ताटकळत ठेवतो. मी दर १०० मिलिसेकंदांनी विचारतो, ३० सेकंदांनंतर नाद सोडतो, आणि प्रत्येक फेरीत प्रोसेस ऑब्जेक्ट रिफ्रेश करतो. नाहीतर सुरुवातीच्या स्प्लॅश स्क्रीनचंच हँडल घट्ट धरून बसायची वेळ येते. विंडोज १० च्या कॅल्क्युलेटरवर तर हेही चालत नाही: कॅल्क डॉट ईएक्सई दुसऱ्यालाच उठवून स्वतः निघून जाते आणि दिसणारी चौकट ॲप्लिकेशनफ्रेमहोस्टच्या नावावर असते.

इजविंडोव्हिजिबल ट्रू म्हणतंय पण स्क्रीनवर काहीच नाही? डीडब्ल्यूएमकडे (विंडो पडद्यावर मांडणारा विंडोजचा भाग) ती विंडो क्लोक्ड, म्हणजे उघडी पण लपवलेली, आहे का ते विचारा.

विंडो सापडली पण मेसेज पोचत नाही? समोरचा प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून चालू असेल. व्हिस्टापासून खालच्या हक्काच्या प्रोसेसचे बहुतेक मेसेज अडवले जातात.

आणि विंडोज सर्व्हिसमधून शोधत असाल तर कोड तपासण्यात रात्र घालवू नका. व्हिस्टापासूनच सर्व्हिस सेशन शून्य या युझरपासून वेगळ्या सेशनमध्ये चालतात, तिथून युझरच्या डेस्कटॉपवरच्या विंडो दिसतच नाहीत. युझरच्या सेशनमध्ये एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम चालवा आणि सर्व्हिसशी नेम्ड पाइपने (दोन प्रोसेसमधला संवादाचा मार्ग) बोलायला लावा.