जुन्या लेसचं वय आणि मूळ ठरवताना या चुका टाळा

जुनी लेस समोर आली की नजर आधी नक्षीवर जाते, आणि घोळ तिथेच होतो. लेसमध्ये नक्षीइतकी उचलेगिरी दुसऱ्या कशाची झालेली नाही. व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावर १८७२ मध्ये लेसशाळा सुरू झाली, तेव्हा तिथे सतराव्या-अठराव्या शतकातले नमुनेच पुन्हा घडवले गेले, आणि उत्तम घडवले गेले. म्हणून आधी वीण पाहा, मग जाळी (नक्षीच्या मागची मोकळी वीण), मग धागा आणि सगळ्यात शेवटी नक्षी. तुकडा गडद निळ्या, न चमकणाऱ्या कापडावर पसरा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून दोन्ही बाजूंनी तपासा. तोवर धुवायचा नाही, इस्त्री तर नाहीच.

सफाईवरून हातकाम ओळखणं

‘इतकी एकसारखी आहे म्हणजे मशीनचीच’ हा निष्कर्ष फसवा आहे. सराईत हात कमालीचे एकसारखे चालतात. पाहायचं ते धाग्याची वाट.

सुईच्या लेसमध्ये एकच धागा काजाच्या टाक्यांनी रांगेमागून रांग भरत जातो. बॉबिन लेसमध्ये, म्हणजे छोट्या रिळांवर गुंडाळलेल्या धाग्यांच्या लेसमध्ये, अनेक धागे एकमेकांवरून जातात. भरीव भाग चक्क विणलेल्या कापडासारखा दिसतो आणि पाकळी वळली की ही वीणही बहुधा तिच्यासोबत वळते. लिव्हर्स या लेस विणणाऱ्या मशीनच्या लेसमध्ये तसं होत नाही. पान कुठेही झुको, भरीव भागातल्या बारीक उभ्या रेघा संपूर्ण तुकड्यात एकाच दिशेने धावतात. नक्षीभोवतीच्या जाड धाग्याची कापलेली टोकं मागच्या बाजूला मिशांसारखी दिसली, तर मशीनचा संशय पक्का होतो. उलट तो जाड धागा हाताने ओवलेला दिसला म्हणून लेस हातची ठरत नाही. मशीनच्या लेसवरही तो हाताने ओवत असत.

केमिकल लेस वेगळी. आधारकापडावर मशीनने भरतकाम करायचं आणि मग ते कापड रसायनाने नाहीसं करायचं, ही पद्धत १८८० च्या दशकात जर्मनीच्या साक्सनीतलं प्लाउएन आणि स्वित्झर्लंडमधलं सांक्ट गालन इथे रुजली. लांबून ती व्हेनिसची सुईची लेस वाटते. भिंगाखाली मात्र काजाचे टाके सापडत नाहीत, फक्त पुढेमागे गेलेल्या धाग्यांचा केसाळ गुंता दिसतो.

सगळ्यात अवघड बार्मेन मशीनची लेस, कारण ते मशीन खरोखरच बॉबिनसारखे धागे गुंफतं. तिथे कोपरा पाहा. हाताने कोपरा वळवून विणता येतो. बार्मेनची पट्टी सरळच निघते, म्हणून कोपऱ्यात चुण्या किंवा शिवण असते.

अख्ख्या तुकड्याला एकच वय देणं

फुलं हातची आणि जाळी मशीनची, असा मेळ एकोणिसाव्या शतकात ब्रुसेल्स आणि इंग्लंडमधलं हॉनिटन दोन्हीकडे सर्रास होता. ब्रुसेल्सच्या हातच्या जाळीत षटकोनाच्या दोन बाजू चार धाग्यांच्या वेणीच्या आणि उरलेल्या चार बाजू दोन धाग्यांच्या पिळाच्या असतात. ही जाळी अरुंद पट्ट्यांत विणून जोडलेली असते, म्हणून ते जोड शोधा. मशीनच्या जाळीत वेणी नसते, नुसता पीळ असतो. इंग्रज संशोधक जॉन हीथकोटच्या जाळीच्या मशीनचं पेटंट १८०८ चं आहे. तशी जाळी दिसली की अख्खी वस्तू त्यानंतरचीच. फक्त एक पाहा: जुनी फुलं उचलून नव्या जाळीवर बसवण्याची रीतही होती. तसं असेल तर दोन्हींची नोंद वेगळी ठेवा.

नावाला गाव समजणं

‘प्वाँ द’आंग्लतेर’ म्हणजे इंग्लंडचा टाका, पण या नावाने ओळखली जाणारी लेस प्रामुख्याने ब्रुसेल्सची. फ्रान्समधल्या शांतिली गावाच्या नावाची काळी रेशमी लेस तिथल्याच बायू गावातही भरपूर झाली. माल्टाची पद्धत इंग्लंडच्या बेडफर्डशरमध्ये उचलली गेली. पद्धत नक्की आणि गाव अनिश्चित असेल, तर नोंदीत ‘शांतिली पद्धतीची’ एवढंच लिहा.

आपल्याकडच्या कपाटांत सापडणाऱ्या लेसला सरसकट ‘युरोपची’ म्हणणं हीही तीच चूक. नागरकोइलला मिशनरी मार्था मॉल्ट यांनी १८२० च्या सुमारास लेसकाम शिकवायला सुरुवात केली, आणि आंध्रातलं नरसापूर क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. युरोपीय नमुना आणि भारतीय हात, हा मेळ नेहमी शक्य धरा.

रंग आणि घरगुती चाचण्यांवर विसंबणं

पिवळेपणा म्हणजे वय नव्हे. चहाच्या पाण्यात बुडवून तो रंग सहज आणता येतो. धागा जास्त खरं बोलतो. युरोपच्या जुन्या लेसमध्ये लिनन किंवा रेशीम. सुती धागा १८३० च्या दशकापासून सर्रास दिसतो. रेशमासारखा चमकणारा मर्सराइज्ड सुती धागा १८९० च्या आधी धरू नका, आणि नायलॉन असेल तर तुकडा १९४० च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा.

धागा जाळून पाहू नका. लिनन आणि सूत दोन्ही कागदासारखेच जळतात. हाती काही लागत नाही आणि तुकडा मात्र बिघडतो. सुटलेला तंतू मिळाला तर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा: कापूस पिळलेल्या फितीसारखा दिसतो, लिननवर बांबूसारखी पेरं दिसतात.

अतिनील दिव्याखाली निळसर पांढरी चमक आली, तरी लगेच ‘नवी’ म्हणू नका. आजच्या डिटर्जंटमधली उजळवणारी द्रव्यं दोनशे वर्षांच्या लेसलाही तशीच चमकवतात. संपूर्ण तुकडा चमकला तर तो बहुधा नुसता धुतलेला असतो. एखादाच भाग चमकला तर तिथे नंतरची दुरुस्ती शोधा.