उंदराच्या रेटिनात रिसेप्टर शोधायला बसण्याआधी

प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी हातात पडली की सगळ्यांची पहिली धाव अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून त्याची जागा चमकवून दाखवणारं प्रथिन) मागवण्याकडे असते. मी आधी नॉकआउट (त्या रिसेप्टरचा जनुक बंद केलेल्या) उंदराची रेटिना कुठून मिळेल ते बघतो. ज्या ऊतीत तो रिसेप्टरच नाही, तीही तेवढीच चमकली तर त्या अँटिबॉडीचा नाद सोडावा. सोबत पडताळ्यासाठी एमग्लुआर६ची (रेटिनातल्या एका ओळखीच्या ग्लुटामेट रिसेप्टरची) अँटिबॉडी असू द्या. ऑन-बायपोलर पेशींच्या (उजेड वाढला की सक्रिय होणाऱ्या चेतापेशींच्या) डेंड्राइटच्या, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्यांच्या, टोकांवर, बाहेरच्या प्लेक्सिफॉर्म थरात (पेशींच्या जोडण्यांच्या थरात), तिच्या ठिपक्यांची बारीक रांग उमटायलाच हवी. ती दिसली नाही, तर गडबड आपल्याच हातून झालेली असते. शक्यतो उंदरात बनवलेली प्राथमिक (रिसेप्टरला थेट चिकटणारी) अँटिबॉडी नको, कारण तिला पकडणारी, रंग लावलेली दुय्यम अँटिबॉडी ऊतीतल्या मूळच्या इम्युनोग्लोब्युलिनलाही (उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडींनाही) चिकटते आणि रक्तवाहिन्याच तेवढ्या झकास उजळतात.

खरा घोळ फिक्सेशनमध्ये, म्हणजे ऊती रसायनाने पक्की करताना होतो. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड ताजं हवं, पीएच ७.४. सिनॅप्सपाशी (चेतापेशींच्या जोडापाशी) प्रथिनांची इतकी दाटी असते की जास्त वेळ ठेवलं तर ती एकमेकांना जखडली जातात आणि अँटिबॉडीला आत शिरायला वाव उरत नाही. मी एकदा रात्रभर ठेवलं होतं. केंद्रकं सुरेख दिसली, रिसेप्टरचा एक ठिपका नाही. तेव्हापासून १५ ते ३० मिनिटं, आणि अँटिबॉडी नवी असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या वेळा करून बघतो.

डोळा काढण्याआधी वरच्या बाजूला खूण करा, नंतर दिशा कळत नाही. कॉर्निया कापून भिंग काढून टाका. ते राहिलं तर क्रायोस्टॅटच्या (गोठवलेल्या ऊतीचे काप करणाऱ्या यंत्राच्या) पात्याखाली तडकतं आणि रेटिना फाडतं. काचद्रव चिकट असतो, तो चिमट्याने हळूच ओढून घ्या. मग ३० टक्के सुक्रोज, ऊती तळाशी बसेपर्यंत. १२ ते १६ मायक्रॉनचे काप, दुय्यम अँटिबॉडी ज्या प्राण्याची त्याच प्राण्याचं सीरम ब्लॉकिंगला (अँटिबॉडीचं नको तिथे चिकटणं रोखायला), थोडं ट्रायटन (पेशींची पटलं सच्छिद्र करणारं डिटर्जंट), प्राथमिक अँटिबॉडी ४ अंशांवर रात्रभर. हे सगळ्यांना येतं.

कॉन्फोकलवर (लेझरने चित्र घेणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) लेझर आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) एकदा ठरवले की कंट्रोल स्लाइडही त्याच आकड्यांवर घ्यायची, हात शिवशिवले तरी. रिसेप्टर पीकेसी-अल्फाने (या पेशींची ओळख पटवणाऱ्या प्रथिनाने) रंगलेल्या रॉड-बायपोलर पेशींवरच आहे असं वाटलं, तर एक चॅनल (एका रंगाचं चित्र) ९० अंशांत फिरवून ठिपके पुन्हा मोजा. जुळणी तेवढीच राहिली, तर आधीची जुळणी निव्वळ योगायोगाची होती.