नवा गेमिंग पीसी घेताय? खानदेशात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

दसरा-दिवाळीत कापसाचे पहिले पैसे हातात आले की मला फोन यायला लागतात. "भो, पोऱ्याले गेमिंगना पीसी लेवाना शे. कोनता लेवाना?" जळगाव आणि यावल-रावेर पट्ट्यातल्या ओळखीच्या लोकांना मी पीसी जोडून देतो. हा माझा धंदा नाही, पण जीव लावून करतो. फोन करणाऱ्याला ग्राफिक्स कार्डाचं नाव हवं असतं. मी आधी दोनच गोष्टी विचारतो: घरात अर्थिंग आहे का, आणि सगळे पैसे एकदम हातात आहेत का? बिघडलेले जे पीसी माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांची गोष्ट या दोन प्रश्नांपाशीच सुरू झालेली असते.

तुकड्यातुकड्यानं सामान घेणं

आपल्याकडे पैसा हंगामानं येतो. पहिल्या वेचणीचा थोडा, मग कापूस घरात साठवून ठेवलेला असेल तर भाव बघून जानेवारी-फेब्रुवारीत उरलेला. त्यामुळे पीसीही तसाच घेतला जातो: दिवाळीला कॅबिनेट आणि मदरबोर्ड, संक्रांतीला प्रोसेसर, होळीला कार्ड. मी स्वतः माझा दुसरा पीसी असाच घेतला होता. बोर्ड दिवाळीत आणला आणि खोक्यातच ठेवला. अडीच महिन्यांनी प्रोसेसर आल्यावर बघतो तर सॉकेटमधल्या (प्रोसेसर बसतो त्या जागेतल्या) दोन पिना वाकलेल्या. दुकानदार म्हणाला, "आता आम्हाला काय माहीत कोणी वाकवल्या?" त्याच्या जागी मी असतो तरी काय वेगळं म्हणालो असतो? नवा बोर्ड घ्यावा लागला.

प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) असल्याशिवाय बोर्ड तपासता येत नाही, आणि माल बदलून घ्यायची मुदत असते जेमतेम सात-दहा दिवसांची. शिवाय वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात. खोक्यात पडून राहिलेले महिने त्यातूनच जातात. म्हणून पैसे पूर्ण जमेपर्यंत थांबा आणि एका आठवड्यात सगळं घ्या. पैसे कमीच पडत असतील तर कार्ड मागे ठेवा, पण मग प्रोसेसर असा घ्या ज्यात डिस्प्लेची सोय आतच आहे. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी किंवा रायझन ५ ७६०० मध्ये ती आहे. साध्या रायझन ५ ५६०० मध्ये नाही, ७५००एफ मध्ये नाही, आणि इंटेलच्या ज्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे त्यातही नाही. अशा प्रोसेसरवर कार्डाशिवाय पडदा काळाच राहणार.

भाव उतरेल म्हणून सगळ्याचीच वाट बघणं

कॉम्प्युटरचं सामान थांबलं की स्वस्त होतं, हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. बऱ्याचदा ते खरंही असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग बंद झालं आणि जुनी कार्डं बाजारात ढिगानं आली. जे तोवर थांबले होते त्यांचं भलं झालं. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचं उलट झालं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन स्वतःकडे ओढलं, आणि काही महिन्यांत डीडीआर५ (रॅमचा नवा प्रकार, आधीचा डीडीआर४) च्या कितीतरी जोड्यांचे भाव दुपटीच्या वर गेले. ३ डिसेंबर २०२५ ला तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं क्रूशियल या नावानं ग्राहकांना रॅम आणि एसएसडी (फाइली साठवणारी ड्राइव्ह) विकणंच बंद करायचं जाहीर केलं. अशा वेळी 'संक्रांतीला बघू' म्हणणारा पस्तावतो.

माझा हिशेब असा. पैसे जमले की भाव उतरेल म्हणून रॅम आणि एसएसडी या दोन वस्तूंसाठी थांबू नका. घरातल्या जुन्या पीसीत डीडीआर४ ची चांगली जोडी असेल तर ती काढून ठेवा आणि एएम४ (एएमडीचा आधीचा सॉकेट) च्या बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवा. आजही चांगला खेळतो तो. सेकंडहँड रॅम घ्यायला मी घाबरत नाही, कारण तिच्यात झिजणारं असं काही नसतं. फक्त मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवून एकही चूक येत नाही एवढं बघतो. नव्यानंच सुरुवात असेल तर त्याच्या पुढचा एएम५ बरा, कारण त्या सॉकेटवर पुढं प्रोसेसर बदलायची वाट मोकळी राहते. पण तिथं डीडीआर५ शिवाय दुसरं काही चालत नाही, म्हणजे रॅमचा फटका बसणार हे धरूनच बजेट करा.

कार्डाच्या बाबतीत मात्र थांबण्यात अर्थ असतो. नव्या कार्डांच्या घोषणा बहुधा जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएसला किंवा मे-जूनमध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्सला होतात. घोषणेच्या महिनाभर आधी जुन्या पिढीचं कार्ड पूर्ण भावानं घेणं चूक, आणि नवं कार्ड आलेल्या पहिल्याच आठवड्यात घेणंही चूक. सेलचं म्हणाल तर आधीचे दोन महिने वहीत भाव लिहून ठेवा. सूट किती, हे तुमची वही सांगेल, दुकानाची पाटी नाही.

'आय७ आहे' एवढ्यावर पैसे देणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण यात फसतो तो पहिल्यांदाच घेणारा बाप. वीस-पंचवीस हजारांत 'आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी लाइट' असा गेमिंग पीसी मिळतो. आतला आय७ (इंटेलचा प्रोसेसर) तिसऱ्या-चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१२-१३ चा असतो आणि कार्ड बहुधा २०१४ चं जीटी ७३०. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदाराकडून प्रोसेसरचा पूर्ण नंबर बिलावर लिहून घ्या. तो द्यायला कां-कूं केली तर तिथून उठा.

नव्या मालातही नावाचा घोळ आहेच. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ जीबी आणि १६ जीबी मेमरी अशी दोन प्रकारांत येतात. नाव तेच, खोकंही जवळपास तसंच. नव्या मोठ्या गेमांत ८ जीबी अपुरे पडायला लागलेत, त्यामुळे चार-पाच वर्षं काढायची असतील तर १६ चंच घ्या, आणि तो आकडाही बिलावर हवा.

कार्ड निवडायच्या आधी स्क्रीन ठरवा. १०८० पिक्सेलच्या स्क्रीनवर व्हॅलोरंटसारखा हलका गेम खेळणाऱ्या पोराला आरटीएक्स ५०७० घेऊन देणं म्हणजे नुसते पैसे अडकवणं. आणि महागडं कार्ड घेऊन ते घरातल्या जुन्या, सेकंदाला ६०च चित्रं दाखवणाऱ्या ६० हर्ट्‌झच्या स्क्रीनला जोडलं तर त्यातलं निम्मं दिसतच नाही.

एसएमपीएस, अर्थिंग आणि आपली लाइट

इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पुण्या-मुंबईच्या यूट्यूबवाल्यांना हे सांगायची गरजच पडत नाही.

कॅबिनेटसोबत फुकट येणारा '४५० वॉट'चा एसएमपीएस गेमिंगसाठी वापरू नका. त्यावर लिहिलेले वॉट तो प्रत्यक्षात देईलच असं नाही, आणि जाताना बोर्ड-कार्ड सोबत घेऊन जाऊ शकतो. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) असलेला, ५५० किंवा ६५० वॉटचा घ्या. पण त्याआधी त्याच्या अंगावरचं लेबल वाचा. काहींवर 'इनपुट २००-२४०' असं असतं, काहींवर '१००-२४०'. शहरात दोन्ही चालतात. रब्बीत सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की ज्या गावात व्होल्टेज १७०-१८० वर येतं, तिथं पहिला बंद पडेल आणि दुसरा बिनतक्रार चालत राहील. याच एका ओळीमुळे यावल तालुक्यातल्या एका घरातला 'रोज संध्याकाळी आपोआप रिस्टार्ट होणारा' पीसी सुधारला. त्या घरानं आधी दोनदा विंडोज टाकून घेतली होती.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात? तक्रार एसएमपीएसची नाही, अर्थिंगची आहे. एसएमपीएसमधला फिल्टर थोडा करंट अर्थकडे सोडतोच. अर्थच नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. ते फेज आणि न्यूट्रलमधल्या व्होल्टेजच्या जवळपास यायला हवं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत जा. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो: काही वायरमन बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थची पिन जोडून देतात. मुंग्या थांबतात, पण बाहेर कुठं न्यूट्रल तुटली तर पूर्ण फेज तुमच्या कॅबिनेटवर येईल. हे कुणालाही करू देऊ नका.

लाइट जाते म्हणून यूपीएस घेता, तर त्यावरचा व्हीए आणि वॉट यातला फरक बघा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. मधल्या दर्जाचा पीसी आणि स्क्रीन मिळून गेम चालू असताना तिथपर्यंत सहज जातात, म्हणून मी १००० व्हीएच्या खाली घेऊ देत नाही. त्यावर खेळत बसायचं नाही, सेव्ह करून बंद करायचं. घरातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर गेमिंग पीसी लावू नका. चांगल्या एसएमपीएसना तो करंट मानवत नाही, लाइट गेल्यागेल्या ते बंद होतात. प्युअर साइन वेव्हचा असेल तर अडचण सहसा येत नाही.

मे महिना डोळ्यांसमोर न ठेवता कॅबिनेट निवडणं

भरताच्या पार्ट्या चालतात त्या थंडीत पीसी जोडला की सगळं गार आणि शांत वाटतं. मग मे उजाडतो. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढं जातो, स्लॅबखालची वरची खोली संध्याकाळीही चाळिशीच्या आसपास असते. पंखा काय करतो? खोलीतली हवाच आत ढकलतो. खोली २५ अंशांवर असताना कार्ड ७० ला चालत असेल, तर ४० अंशांच्या खोलीत तेच ८५ च्या आसपास जाणार. तिथं कार्ड स्वतःचा वेग कमी करतं आणि गेम अडखळायला लागतो. पोरगं म्हणतं कार्ड खराब निघालं.

म्हणून समोर काच असलेलं देखणं कॅबिनेट आपल्याकडे नको. समोर जाळी हवी, आत ओढणारे दोन पंखे पुढं आणि बाहेर टाकणारा एक मागं. जाळीमागची फिल्टर दर पंधरा दिवसांनी झटका, आपल्या काळ्या मातीची धूळ बारीक असते. ज्यांच्याकडे अजून धाब्याचं (मातीच्या छताचं) जुनं घर आहे त्यांनी पीसी खुशाल तिथं ठेवावा, वरच्या स्लॅबच्या खोलीपेक्षा तिथं बराच गारवा असतो. पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात मात्र कॅबिनेट कधीही ठेवू नका. त्या झोतात पाण्याचे बारीक थेंब असतात, आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार बोर्डावर पांढरे डाग होऊन बसतात. असे दोन बोर्ड मी पाहिलेत, दोन्ही गेले.

पीसी थंडीत घेतला असेल तर माल बदलायच्या मुदतीतच एकदा खिडक्या बंद करून तासभर जड गेम चालवा. जे बिघडायचं ते तेव्हाच बिघडू दे.

जोडला, पण चालू होत नाही

घाबरून सगळं उघडू नका. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅम ओळखायला काही मिनिटं घेतो. पंखे फिरतात, पडदा काळा असतो. दहा मिनिटं हात लावू नका. याच वेळात बटण दाबून दाबून लोक स्वतःच गोंधळ वाढवतात.

त्यानंतरही काळाच असेल तर स्क्रीनची केबल बोर्डाच्या पोर्टात लावलीय की कार्डाच्या, ते बघा. कार्डाच्या हवी. मग प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची वायर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात बसलीय का बघा, ती हमखास विसरते. बोर्डावर चार खाचा असतील तर रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. बोर्डावर छोटे दिवे असतात, त्यांच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं कुठं अडलंय ते. जुन्या साठ्यातला बोर्ड आणि त्याच्या नंतर आलेला प्रोसेसर अशी जोडी असेल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट लागतो. तो दुकानातूनच करून आणा.

चालू झाला, पण प्रोसेसर लगेच नव्वदीत? प्रोसेसरवर बसवायच्या कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहिलंय का बघा. एएम४ चा कूलर काढायची वेळ आली तर आधी पीसी थोडा वेळ चालवून प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून कूलर हळूच फिरवत सोडवा. सरळ ओढला तर प्रोसेसर सोबत उपटून येतो आणि पिना वाकतात.

रॅम विकत घेतलेल्या वेगानं चालत नसेल तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करायचं राहिलंय. विंडोज ११ वर व्हॅलोरंट उघडत नसेल तर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी बंद असतील, तेही बायोसमध्येच आहे. आणि १४४ किंवा १८० हर्ट्‌झची स्क्रीन आणूनही गेम पहिल्यासारखाच दिसत असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा. नवी स्क्रीन लावली तरी तिथं बऱ्याचदा ६० च निवडलेला असतो.