ग्रॅनाइटवरून पर्वताचा इतिहास वाचताना या चुका टाळा

कोकणात पहिली चूक दगड ओळखण्यातच होते. रायगड-रत्नागिरीचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. ओट्यासाठी 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून विकली जाणारी फरशीही बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो या बेसॉल्टच्याच जातीच्या काळ्या खडकांची असते. खरा ग्रॅनाइट आणि त्याचा पट्टेदार भाऊ नाइस हवा असेल, तर दक्षिण सिंधुदुर्गात जा आणि जांभ्याखालचा दगड बघा. ओढ्याचं पात्र, विहिरीची खोदाई, रस्त्यासाठी कापलेली दरड या जागा सोडू नका. कुजून पिठूळ झालेला तुकडा उचलू नका. त्यातल्या फेल्डस्पार या मुख्य खनिजाची माती झालेली असते.

या दगडाचा संबंध लगेच सह्याद्रीशी जोडला जातो. तो जोडू नका. सिंधुदुर्गातला हा मूळ पाया २५० कोटी वर्षांहून जुना आहे. सह्याद्री मात्र दोन भूखंडांच्या टकरीतून उभा राहिलेला नाही. मादागास्कर आणि सेशेल्स भारतापासून तुटले, त्या फाटलेल्या खंडाची ही उचललेली कडा आहे. पायातला ग्रॅनाइट त्याआधीच्या, केव्हाच झिजून गेलेल्या पर्वतांच्या मुळांचा आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक वयाची. 'या ग्रॅनाइटचं वय अमुक' असा एकच आकडा घेऊन त्यालाच पर्वताचं वय म्हटलं जातं. प्रत्यक्षात एकाच दगडात अनेक घड्याळं असतात, म्हणजे किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या क्षयावरून वय सांगणारी खनिजं. झिरकॉन या टिकाऊ खनिजातलं युरेनियम-शिसे घड्याळ शिलारस गोठतानाच सुरू होतं. काळ्या अभ्रकातलं पोटॅशियम-आर्गॉन घड्याळ दगड सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत थंडावल्यावर. ॲपेटाइट या खनिजातले विखंडन-माग (युरेनियमचे अणू फुटताना स्फटिकात उमटलेले ओरखडे) तर ११० अंशांच्या आसपास टिकू लागतात. ही वयं जवळजवळ आली, तर दगड झपाट्याने थंडावला. असं थंडावणं बऱ्याचदा पर्वत वेगाने वर येऊन झिजल्याचं लक्षण असतं. माझ्या मते खरा इतिहास या वयांमधल्या अंतरातच आहे. शिवाय झिरकॉनच्या गाभ्यात वितळलेल्या मूळ खडकाचा जुना कण उरलेला असू शकतो. अख्खा स्फटिक विरघळवून मोजला तर मिश्र वय येतं, आणि ते कुठल्याच घटनेचं नसतं. म्हणून गाभा आणि कडा वेगवेगळी मोजून घ्या.

खनिजांवरून घाईने शिक्का मारू नका. चॅपेल आणि व्हाइट या भूवैज्ञानिकांनी १९७४ मध्ये ग्रॅनाइटचे आय (अग्निजन्य खडक वितळून बनलेला) आणि एस (गाळाचा खडक वितळून बनलेला) असे प्रकार मांडले, ते मुळात कोणता खडक वितळला हे सांगण्यासाठी. लडाखचा, हॉर्नब्लेंड हे गडद खनिज असलेला ग्रॅनाइट आय प्रकारचा, भारत आणि आशियामधल्या प्राचीन टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली सरकत असतानाचा. उच्च हिमालयातला पांढरा अभ्रक आणि टूर्मलीन ही खनिजं असलेला फिकट ग्रॅनाइट एस प्रकारचा, टकरीनंतर जाड झालेलं कवच वितळून बनलेला. ही जोडी सुरेख जुळते, पण पांढरा अभ्रक आय प्रकारच्या ग्रॅनाइटमध्येही शेवटी-शेवटी येऊ शकतो. नुसता अभ्रक पाहून 'टक्कर झाली' असं लिहू नका.

प्रयोगशाळेआधी ग्रॅनाइटची कडा तपासा. शेजारच्या शिस्टचे (दाबाखाली पापुद्रे पडलेल्या खडकाचे) पट्टे ग्रॅनाइटने कापले असतील, तर तो ते पट्टे पडल्यानंतरचा. तेच पट्टे ग्रॅनाइटमधूनही जात असतील आणि भिंगाखाली क्वार्ट्झचे कण ताणलेले दिसत असतील, तर गोठल्यावर त्याच्यावर दाब आला आहे. नमुना फोडण्याआधी त्याच्यावर उत्तर दिशेची खूण आणि पट्ट्यांचा कल नोंदवा. सुट्या तुकड्यावर हे नंतर कळत नाही.